सभेला माणसं येत नाहीत, कारण न आल्याने कुणाचं काही अडत नाही

प्रश्न थोडक्यात असा: "मी आमच्या सेवा क्लबची या वर्षीची सचिव आहे. दर आठवड्याला सभा होते. यादीत सभासद भरपूर आहेत, पण हजेरी निम्म्याच्याही खाली गेली आहे. उपक्रमांना तर तेच पाच-सहा चेहरे दिसतात. अध्यक्ष म्हणतात चांगले वक्ते आणा, काही जण म्हणतात सभा पंधरवड्यातून एकदा घ्या. नेमकं काय करावं?"

आधी वक्त्यांचा विषय बाजूला ठेवू. नावाजलेला वक्ता आणला की त्या आठवड्याला खुर्च्या भरतात आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा रिकाम्या होतात. व्याख्यान आता घरबसल्या मोबाइलवर ऐकता येतं. त्यासाठी दिवसभराचं काम उरकून, गाडी काढून, रहदारीतून कुणी का येईल? सभासद सभेला येतो तो दोन कारणांनी. एक, तिथे त्याची माणसं भेटतात. दोन, तो आला नाही तर काहीतरी अडतं. पहिलं कारण बहुतेक क्लबांत कसंबसं तग धरून असतं. दुसरं जवळपास कुठेच नसतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं. काम सभेत ठरत नाही, ते चार जणांच्या फोनवर परस्पर ठरतं. मग बाकीच्यांनी यायचं ते ऐकायला आणि टाळ्या वाजवायला. दोन-तीन वेळा टाळ्या वाजवून झाल्या की माणूस यायचा थांबतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकतंय असं मला वाटत नाही.

या क्लबांची सुरुवात अशी नव्हती. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील तीन ओळखीच्या व्यावसायिकांबरोबर बसला आणि त्यातून रोटरी उभी राहिली. सुरुवातीच्या सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत व्हायच्या. ज्याची पाळी, त्याला हजर राहणं भागच होतं. तेव्हा हेतू सरळ होता, एकमेकांशी मैत्री वाढावी आणि धंदाही वाढावा. पुढे 1907 मध्ये याच मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट सुरू केली आणि सभेला सेवेचं काम चिकटलं. 1915 मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेल्या किवानिस या अशाच सेवा क्लबचीही वाटचाल अशीच झाली, आधी धंद्याची देवाणघेवाण, मग सेवा. 1917 मध्ये विमा व्यावसायिक मेल्विन जोन्सने तर उघडच विचारलं, की एवढी कर्ती माणसं एकत्र येतात ती फक्त स्वतःच्या धंद्यासाठी का? त्यातून लायन्स जन्माला आली. सांगायचा मुद्दा, आठवड्याची सभा आधी आली आणि सेवा मागून आली. आज आपण दोन्ही करतो, पण दोन वेगळ्या खोल्यांत.

हजेरीचे नियम एके काळी फार कडक होते. रोटरीत लागोपाठ चार सभा कारणाशिवाय चुकवल्या की सभासदत्व जायचं. बाहेरगावी गेलात तर तिथल्या क्लबच्या सभेला बसून हजेरी भरून काढायची. 2016 मध्ये रोटरीचे नियम ठरवणाऱ्या विधिमंडळाने हे बरंच सैल केलं. महिन्यातून किमान दोन सभा घ्या, बाकी सभेचं स्वरूप आणि हजेरीचे नियम क्लबने ठरवावेत, असा मोकळेपणा दिला. मला तो निर्णय पटला. हजेरीचा धाक दाखवून खुर्चीवर माणूस बसतो, कामाला लागत नाही. पण धाक गेला त्या जागी दुसरं काही यायला हवं होतं, ते बऱ्याच क्लबांत आलंच नाही.

आता तुमच्या सभेच्या त्या एका तासाकडे या. एकदा घड्याळ लावून बसा आणि कशात किती वेळ जातो ते लिहून काढा. बहुतेक ठिकाणी चित्र असं निघतं: सभा दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू होते, "थोडे लोक येऊ दे" म्हणून. मग स्वागत, पाहुण्यांची ओळख, वाढदिवस, कुणाला कुठला पुरस्कार मिळाला, वरिष्ठ कार्यालयाची परिपत्रकं, पुढच्या कार्यक्रमांच्या घोषणा. मग वक्त्याचा परिचय, जो वक्त्याने स्वतःच पाठवलेला असतो आणि वाचणाऱ्याने आधी एकदाही डोळ्यांखालून घातलेला नसतो. मग व्याख्यान, दोन प्रश्न, आभार. क्लबने गेल्या आठवड्यात काय काम केलं आणि येत्या आठवड्यात कोण काय करणार आहे, याला मिनिटं उरतात ती तीन-चार, आणि तीही खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात.

हे उलटं करा. सभा वेळेवर सुरू करा, समोर सहा माणसं असली तरी. वेळेवर आलेल्यांना थांबवून ठेवणं म्हणजे त्यांना पुढच्या वेळी उशिरा या असं सांगणं. पहिली दहा मिनिटं झालेल्या कामाची. अहवाल सचिवाने वाचायचा नाही, ज्याने काम केलं त्याने उभं राहून सांगायचा, आणि काय बिघडलं तेही सांगायचं. पुढची दहा मिनिटं येणाऱ्या कामाच्या वाटपाची. वक्ता त्यानंतर, वीस मिनिटं, तोही शक्यतो असा की ज्याचा हातातल्या कामाशी संबंध आहे. क्लबने दृष्टिदोष तपासणीचं काम घेतलं असेल तर नेत्रतज्ज्ञाला बोलवा आणि त्याला प्रेरणादायी बोलायला लावू नका, आपल्या शिबिरांत कुठे घोळ होतो ते विचारा. वाढदिवस, सत्कार, परिपत्रकं लेखी कळवा. सभेनंतरच्या गप्पांना मात्र हात लावू नका. जुने सभासद ज्याला बंधुभाव म्हणतात तो खरा तिथेच असतो.

वाटपाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नव्वद टक्के गोष्ट इथे आहे. "रविवारी शिबिर आहे, जास्तीत जास्त सभासदांनी उपस्थित राहावे" हे वाक्य तुम्ही वापरत असाल तर आजपासून बंद करा. जास्तीत जास्त म्हणजे कुणीच नाही. त्याऐवजी एका कागदावर कामं सुटी करून लिहा. सकाळी साडेआठ ते साडेदहा, नोंदणीचं टेबल, दोन जण. नऊ ते अकरा, रांग लावणं, एक जण, उभं राहावं लागेल. साडेदहा ते साडेबारा, चिठ्ठ्या तपासून पुढच्या टेबलाकडे पाठवणं, एक जण, बसून करता येईल. एक वाजता आवराआवर, तीन जण, त्यांतला एक गाडीवाला. प्रत्येक ओळीपुढे रिकामी जागा. हा कागद पाटीला लावून सभेत हातोहात फिरवायचा आणि सुरुवात मागच्या रांगेतून करायची. पुढून सुरुवात केली की पहिल्या रांगेतले तेच पाच-सहा जण सगळ्या जागा भरून टाकतात आणि कागद मागे पोहोचतो तेव्हा लिहायला काही उरत नाही. मागे बसणारा माणूस कामचुकार असतोच असं नाही. अनेकदा त्याला कुणी नेमकं विचारलेलंच नसतं. दोन तासांचं, कुठे सुरू आणि कुठे संपतं ते माहीत असलेलं काम घ्यायला माणूस सहज तयार होतो. "दिवसभर लागेल, बघू" या कामाला नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" एवढाच. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कागदावरच्या प्रत्येक नावाला फोन गेला पाहिजे, आणि तो सचिवाने एकटीने करायचा नाही. प्रत्येक कामाचा एक प्रमुख असतो, त्याने आपल्या दोघा-तिघांना करायचा.

एक उपक्रम जवळून बघू, म्हणजे सभा आणि काम कसं जोडायचं ते कळेल. नेत्रतपासणी शिबिर घ्या. 1925 मध्ये हेलन केलर यांनी ओहायोतल्या सीडर पॉइंट इथल्या अधिवेशनात लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहा असं आवाहन केलं, तेव्हापासून हे काम सेवा क्लबांच्या अंगवळणी पडलंय. म्हणूनच ते फार यांत्रिकही झालंय. शिबिराच्या दिवशी दूरची नजर तपासणारा तक्ता भिंतीवर लागतो. बहुतेक तक्ते सहा मीटरवरून वाचण्यासाठी केलेले असतात. जागा अपुरी म्हणून तो चार मीटरवर लावला की अक्षरं मोठी दिसतात आणि कमजोर नजरही चांगली ठरते. तक्त्यावर किती अंतराचा आहे ते लिहिलेलं असतं, त्यामुळे एका स्वयंसेवकाने आदल्या संध्याकाळी टेप घेऊन जाऊन जमिनीवर खडूने रेघ मारायची. दहा मिनिटांचं काम आहे, पण कागदावर त्याची वेगळी ओळ हवी, नाहीतर ते राहतं. डॉक्टर बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील तर त्या माणसाला पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, गाडी तर चालवूच नये. हे नोंदणीच्या टेबलावरच सांगायला हवं, नाहीतर दुचाकीवर आलेला माणूस थेंब घातल्यावर अडकून बसतो. चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास होणं हे तर सगळ्यांच्याच वाट्याला येतं, अशांचं काम वाचायच्या चष्म्याने त्याच दिवशी भागतं. पण मोतीबिंदू निघाला तर? खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

इथेच बहुतेक शिबिरं वाया जातात. फोटो निघतो, बॅनर गुंडाळला जातो, "इतक्या जणांची तपासणी केली" अशी बातमी छापून येते. ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली त्यांच्यातले किती जण रुग्णालयापर्यंत पोहोचले, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून शिबिर संपायच्या आत पुढच्या उपचारांची गरज असलेल्यांची वेगळी यादी करा आणि ती सभासदांत वाटा. एकाकडे चार नावं, पाचवं नको. त्याने त्या चौघांना फोन करायचा, तारीख घ्यायला मदत करायची, सोबत कुणी नसेल तर न्यायचं. आणि पुढच्या सभेच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगायचं: दोघांची शस्त्रक्रिया झाली, एक घाबरतोय, एकाचा फोन लागत नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, घाबरणाऱ्याशी मी बोलतो, माझ्या आईची झाली आहे. सभेला माणूस यायला लागतो तो अशा वेळी. या चौघांची माहिती ज्याच्याकडे आहे तो आला नाही तर सभेत खरंच काहीतरी अडतं. ही नावं आणि आजार मात्र सभेच्या भिंतीबाहेर जाता कामा नयेत. सभेतही नावं न घेता बोलता येतं.

रक्तदान शिबिराचं दुखणं वेगळं आहे. आपल्याला ते क्लबच्या वर्धापनदिनी हवं असतं, आणि त्याच सुमारास इतरही चार संस्थांना. रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहेत. तांबड्या पेशी योग्य द्रावणात साधारण 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवसांच्या आसपास. एका आठवड्यात भरमसाट रक्त जमा झालं आणि पुढचे दोन महिने काहीच नाही, तर रक्तपेढीची अडचण सुटत नाही. म्हणून तारीख आपण ठरवायची नाही. रक्तपेढीला विचारायचं, तुमच्याकडे चणचण कधी असते? बहुतेक वेळा उत्तर सुट्ट्यांचा काळ असं येतं, म्हणजे नेमकी स्वयंसेवक मिळायला कठीण अशी वेळ. तरीही तीच घ्या. आणि एक बारीकशी गोष्ट: चक्कर येते ती बरेचदा सुई काढल्यावर, दाता उठून चालायला लागतो तेव्हा. त्यामुळे विश्रांतीच्या खुर्च्यांजवळ एक स्वयंसेवक पूर्ण वेळ बसलेला हवा, दात्यांशी गप्पा मारत, त्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवून. उभं राहणं, धावपळ न झेपणाऱ्या ज्येष्ठ सभासदासाठी याहून चांगलं काम नाही.

वृक्षारोपणाबद्दल एवढंच म्हणेन की किमान दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नाव कागदावर नसेल तर खड्डे खणू नका.

आता तेच पाच-सहा चेहरे. यात एक अवघड गोष्ट आहे, ती स्पष्टच सांगते. हे पाच-सहा जण दुःखाचे धनी आहेत तसेच दुःखाचं कारणही. "कुणी करत नाही म्हणून आम्हीच करतो" असं ते म्हणतात, आणि दुसऱ्याने केलं की त्यात खोट काढतात. नव्या सभासदाने लावलेल्या खुर्च्या पुन्हा लावणारे अध्यक्ष मी पाहिले आहेत. त्या नव्या माणसाने त्यानंतर कुठल्याच खुर्चीला हात लावला नाही. यावर उपाय म्हणजे एका व्यक्तीकडे एका वेळी एकच काम, हा कार्यकारिणीने ठरवून घेतलेला नियम. अनुभवी सभासदाचं दुसरं काम हवंच असेल तर ते नव्याच्या जोडीला बसण्याचं, हात न लावता. नवा सभासद आला की पहिल्या महिन्यातच त्याला काहीतरी छोटं पण खरं काम द्या. शपथ, पिन आणि फोटो झाल्यावर सहा महिने त्याला कुणी काही विचारलं नाही, तर तो वर्षअखेरीला वर्गणी भरत नाही.

ज्यांना सुटीच्या दिवशी येणं जमत नाही अशांची वेगळी यादी करा. फोन करणं, नोंदी संगणकावर चढवणं, पावत्या जुळवणं, रुग्णालयाशी पत्रव्यवहार, ही कामं रात्री घरी बसून होतात. बऱ्याच क्लबांत ही कामं सचिवाच्या गळ्यात पडतात आणि म्हणूनच पुढच्या वर्षी सचिव व्हायला कुणी तयार नसतं. लहान मुलांबरोबरच्या उपक्रमात मात्र कितीही माणसं कमी असोत, एकच मोठा माणूस मुलांसोबत एकटा असं कधी ठेवू नका. दोघे तरी हवेतच. त्यात कुणावर अविश्वास नाही, आणि कुणी रागावलं तरी नियम बदलायचा नाही.

पैशांचं दोन ओळींत. सभासदांच्या वर्गणीतून क्लबचा कारभार चालवायचा आणि लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा सेवेलाच लावायचा. दोन्हींची खाती वेगळी ठेवा आणि सेवाखात्यातून सभेच्या हॉलचं भाडंसुद्धा जाऊ देऊ नका. हिशेबाचे वाद आठवड्याच्या सभेत नकोत, ते कार्यकारिणीत. सभेत खजिनदाराने दर महिन्याला शिल्लक सांगितली की बस्स.

तुम्ही विचारलं नाहीत, पण यातूनच निघणारी आणखी एक अडचण आहे: दर वर्षी बदलणारे पदाधिकारी. रोटरी आणि लायन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष नवं घोषवाक्य आणि नवे उपक्रम घेऊन येतात आणि 30 जूनला चालू असलेलं काम बेवारस होतं. ज्या कामांनी या क्लबांचं नाव झालं ती अशी झालेली नाहीत. पोलिओचं बघा. 1979 मध्ये रोटरीने फिलिपिन्समधल्या मुलांच्या लसीकरणाला हात घातला, 1985 मध्ये पोलिओप्लस हा रोटरीचा पोलिओविरोधी कार्यक्रम सुरू झाला, 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफसारख्या संस्थांसह जागतिक मोहीम उभी राहिली. तेव्हा 125 देशांत वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात मुलांना पोलिओ होत होता. आता नैसर्गिक विषाणूचा प्रसार कधीच न थांबलेले देश दोनच उरलेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. इतक्या वर्षांत क्लबांचे अध्यक्ष किती आले आणि गेले, पण काम बदललं नाही. तुमच्या क्लबनेही एक काम निवडावं, त्याचा प्रमुख तीन वर्षांसाठी नेमावा आणि आजचे अध्यक्ष, गेल्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे अशा तिघांनी त्या कामापुरतं एकत्र बसावं. बाकीचे छोटे उपक्रम ज्याच्या त्याच्या वर्षात होऊ द्यात, हौस असतेच.

पंधरवड्याच्या सभेबद्दल माझं मत असं, की आत्ताच नको. रिकामी सभा निम्मी केली तर रिकामी सभाच उरते, फक्त माणसं एकमेकांना आणखी कमी भेटतात. आधी तीन महिने वर सांगितलेली वेळेची मांडणी करून पाहा आणि एकूण हजेरीपेक्षा एक वेगळा आकडा नोंदवा: त्या महिन्यात किती वेगवेगळ्या सभासदांनी एखादं तरी काम केलं. हा आकडा वाढत असेल तर मागून सभेची हजेरी वाढते, माझा तरी तसा अनुभव आहे. तीन महिन्यांनी सभासदांना तरीही अंतर वाढवायचं असेल तर खुशाल वाढवा. महिन्यातून दोन सभा हॉलमध्ये आणि उरलेल्या आठवड्यांत कामाच्या जागीच भेट, ही वाटणी बऱ्याच क्लबांना मानवते. फक्त आधी तुमच्या क्लबची घटना आणि पोटनियम काढून वाचा. सभांची किमान संख्या, बदलासाठी किती दिवसांची नोटीस, किती मतं लागतात, हे त्यात लिहिलेलं असतं. ठराव रीतसर मांडा, अनुमोदन घ्या, इतिवृत्तात नोंदवा. आणि पुढच्या तारखांसाठी ज्या वक्त्यांना शब्द दिलाय त्यांना त्याच आठवड्यात कळवा.